आवाजाचा वेग गच्चीवर मोजायचा: मोबाइल घेऊन साउंड शिकवणाऱ्यांसाठी धागा (ग्वाल्हेर)

गच्चीवरची शाळा
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या घरीच नववी ते अकरावीची पोरं सायन्सला येतात. साउंडचा धडा आला की दरवर्षी तेच. आवाजाचा वेग किती, तर सगळे एका सुरात सेकंदाला ३४३ नाहीतर ३४४ मीटर म्हणतात, पण तो मोजतात कसा विचारलं की सगळे गप्प. कारण कुणी मोजलेलाच नसतो, शाळेच्या लॅबमध्ये ट्यूनिंग फोर्क (आपटला की एकच स्वर देणारा धातूचा चिमटा) कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून आता मी हा धडा पूर्ण मोबाइलवर घेते आणि त्याबद्दल इथे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

ॲप आहे फायफॉक्स, जर्मनीतल्या आखेन शहराच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने बनवलेलं, २०१६ पासून आहे, फुकट आहे, नेट लागत नाही. त्यात एक अकूस्टिक स्टॉपवॉच आहे, म्हणजे आवाज ऐकला की सुरू आणि दुसरा आवाज ऐकला की बंद, बस इतकंच. दोन फोन घ्यायचे, टेपने मोजून दहा मीटरवर ठेवायचे, प्रत्येक फोनजवळ एक मुलगा. पहिला आपल्या फोनजवळ टाळी वाजवतो, त्याचा फोन लगेच सुरू होतो आणि दुसरा फोन आवाज तिथे पोचल्यावर, म्हणजे जरा उशिराने. मग दोनेक सेकंदांनी दुसरा टाळी वाजवतो, आता त्याचा फोन आधी थांबतो आणि पहिला उशिराने. दोन्ही फोनवरचे आकडे वजा केले की आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ मिळतो. ३०-३५ डिग्रीला तो साधारण ५७ मिलिसेकंद यायला हवा, आणि येतो!

मुलांना मी आधी हेच विचारते की टाळी वाजवायला तुम्ही उशीर केलात तर उत्तर चुकेल का? बहुतेक जण हो म्हणतात. मग कागदावर दोन रेघा काढून चार वेळा मांडून बघतात आणि कळतं की टाळी दोन सेकंदांनी वाजवा नाहीतर पाच, फरक तेवढाच राहतो. ही गोष्ट त्यांची त्यांना सापडते तेव्हा धडा अर्धा झालाच समजा.

आणखी कुणी असं काही करत असेल तर लिहा, अडचणी पण लिहा.

अकरावीचा बाप
ताई, खूपच छान. काल लगेच आम्ही बापलेकांनी करून पाहिलं, पण स्टॉपवॉच आपोआपच सुरू होऊन थांबत होतं. एकदा तर ०.०९ सेकंद आलं, टाळी दुसऱ्याने वाजवायच्या आधीच. काय करायचं?

गच्चीवरची शाळा
कूलर चालू होता का हो जवळपास? मे महिन्यात ग्वाल्हेरात कूलर बंद करा म्हणणं म्हणजे घरच्यांशी भांडण, मला माहिती आहे, पण तेवढी दहा मिनिटं बंद ठेवावाच लागतो. त्यात दोन सेटिंग आहेत. एक थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठा आवाज झाला की घड्याळाने दखल घ्यायची, ते वाढवा. दुसरं मिनिमम डिले. तुमच्या केसमध्ये पहिल्याच टाळीचा घुमारा भिंतीवरून परत येऊन घड्याळ थांबवत असणार, मिनिमम डिले अर्धा सेकंद केलात की ते पहिल्या टाळीनंतर अर्धा सेकंद कानच झाकून बसतं. आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, व्हॉट्सॲपची टिंग आली की सगळं रीडिंग गेलं.

टाळी फार पसरट वाजते काही मुलांची. पोळपाटावर लाटणं आपटलं तर जास्त नेमकं येतं.

निवृत्त मास्तर
तीसेक वर्षं फिजिक्स शिकवलंय म्हणून थोडं कडू लिहितो, राग मानू नका. आमच्या वेळी रेझोनन्स ट्यूब असे, मुलगा रबराच्या पॅडवर फोर्क आपटे, नळीच्या तोंडाशी धरे आणि पाणी खालीवर करत कान लावून उभा राही. एका ठिकाणी आवाज एकदम भरून यायचा. तो क्षण मुलाने स्वतःच्या कानाने पकडलेला असायचा. मोबाइल काय करतो, आकडा दाखवतो. डब्याच्या आत काय चाललंय ते मुलाला कळत नाही, शिक्षकाला कळतंच असं नाही, आणि आकडा आला की मुलं वहीत उतरवून मोकळी. हे मोजणं झालं का? मला तरी तसं वाटत नाही.

गच्चीवरची शाळा
सर, राग कसला, हाच मुद्दा मला पण छळतो. पण सगळे प्रयोग एका पारड्यात टाकू नका. स्टॉपवॉचमध्ये डब्यात लपलेलं असं काही नाही, ते आवाजाने चालणारं घड्याळ आहे आणि वजाबाकी मुलगा स्वतः करतो. फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं) थेट दाखवणारं जे स्पेक्ट्रम आहे तिथे मात्र तुमचं म्हणणं खरं आहे, म्हणून ते मी पहिल्या दिवशी उघडूच देत नाही. आधी ऑडिओ स्कोप. मुलगी आ लावते, स्क्रीनवर लाट दिसते, स्क्रीन थांबवायची, ५० मिलिसेकंदांत किती उंचवटे आले ते बोटाने मोजायचे आणि फ्रीक्वेन्सी कागदावर काढायची. काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) सा लावला तर दहाच्या जरा वर येतात, म्हणजे २०८ हर्ट्झच्या आसपास. हे हाताने केल्यावर मग स्पेक्ट्रम उघडतो आणि ते तोच आकडा सांगतं तेव्हा त्यांना ते ओळखीचं वाटतं.

आणि कान आधी हे तर मी पण पाळते. स्क्रीन उलटी ठेवून आधी विचारते, कोणता स्वर उंच, कोणता मोठा. मोठा आणि उंच यात नववीच्या मुलांचा जो गोंधळ असतो तो स्क्रीनवर एका मिनिटात सुटतो, जोरात म्हटलं की लाट उंच होते पण उंचवट्यांची संख्या तेवढीच राहते.

मुरारकर
मस्त धागा. एक शंका, मेमध्ये दुपारी गच्चीवर लू (उन्हाळ्यातला गरम वारा) चालू असते, वारा आवाजाला ढकलणार नाही का? मग वेग चुकीचा येणार.

निवृत्त मास्तर
चांगला प्रश्न आहे आणि इथे मात्र ताईंच्या पद्धतीचं कौतुक करावं लागेल. एक टाळी वाऱ्याच्या बाजूने जाते आणि दुसरी वाऱ्याविरुद्ध. जाताना जेवढा वेळ वाचतो जवळपास तेवढाच येताना जास्त लागतो. वारा सेकंदाला ५ मीटर असला तरी बेरजेतली चूक एक टक्क्याच्या कितीतरी खाली, मुलांना हे बीजगणित करायला द्या, अकरावीला जमतं. एकाच बाजूने मोजलं असतं तर वाऱ्याने घोळ केला असता.

लूचा विषय निघालाच आहे तर दुसरं सांगतो. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो, दर डिग्रीला साधारण ०.६ मीटर प्रति सेकंद. पुस्तकातला ३४३ हा २० डिग्रीचा आहे. आपल्याकडे जानेवारीत पहाटे ५ डिग्री असतं आणि मेमध्ये दुपारी ४४. पाचला वेग येतो ३३४ आणि ४४ ला ३५७. म्हणजे २२-२३ चा फरक, तुमच्या दहा मीटरच्या प्रयोगात वेळ ५९.८ वरून ५६ मिलिसेकंदांवर येईल. चार मिलिसेकंदांचा फरक बऱ्याच वेळा मोजून सरासरी काढली तर फोनवर दिसायला हवा. मुंबई-पुण्याच्या शिक्षकांना एवढा फरक त्यांच्या हवेत मिळणार नाही, आपल्याला फुकट मिळतोय.

गच्चीवरची शाळा
सर!! हे तर मी करणारच. एकच जागा, गच्चीवर खडूने खूण करून ठेवते, तेच दोन फोन, एकदा आत्ता आणि एकदा जानेवारीत. थर्मामीटर सावलीत टांगायचा ना?

निवृत्त मास्तर
हो, सावलीत आणि टाळी वाजते त्या उंचीवर. तापलेल्या फरशीजवळची हवा जास्त गरम असते म्हणून फोन जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. पावसाळ्यात दमटपणाने पण वेग जरा वाढतो पण तो टक्क्याच्या आत, तो तुमच्या फोनला दिसणार नाही.

आणि अकरावीवाल्यांना न्यूटनचं जरूर सांगा. १६८७ च्या प्रिन्सिपिया या ग्रंथात त्याने हवेतल्या आवाजाचं सूत्र मांडलं, लाट जाताना हवेचं तापमान बदलत नाही असं धरून. त्याप्रमाणे शून्य डिग्रीला २८० येतो, खरा आहे ३३१, म्हणजे १५ टक्के कमी. मग १८१६ मध्ये लाप्लासने सांगितलं की दाबली जाणारी हवा इतक्या झटक्यात दाबली जाते की उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, म्हणून सूत्रात गॅमा (हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) आला, आणि उत्तर जुळलं. मुलं हे परीक्षेपुरतं पाठ करतात. तुमच्या गच्चीवर ३५ डिग्रीला न्यूटनप्रमाणे २९७ यायला हवा आणि लाप्लासप्रमाणे ३५२. मुलांचं मोजमाप पाच-सहा मीटर इकडेतिकडे असलं तरी कोण बरोबर ते ती स्वतःच ठरवू शकतात. हे मात्र आमच्या काळी इतक्या सहज करता येत नव्हतं, हे कबूल करायला मला आनंदच आहे.

काळी चार
मी गाणं शिकते, फिजिक्स बारावीनंतर सुटलं, पण हा धागा वाचून राहवत नाही. आपण ग्वाल्हेरचे लोक, तानसेनाची समाधी हजिऱ्याला, हस्सू-हद्दू खाँसाहेबांचं घराणं इथलं, भातखंड्यांनी १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय इथे सुरू करवलं, आणि साउंड शिकवताना आपण ट्यूनिंग फोर्कच का घेतो? तानपुरा घ्या ना.

आमच्या गुरुजींनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार नीट जवारीवर (तार घोडीवर टेकते तिथली बारीक जुळणी) असली की त्यातून आपोआप गंधार (ग) ऐकू येतो, कुणी न छेडता. मला ऐकू यायला खूप काळ लागला. ताईंचं वाचून मी ते ॲप तानपुऱ्यासमोर ठेवलं. खर्ज १०४ हर्ट्झ, आणि स्पेक्ट्रममध्ये पाचव्या जागी ५१९ ला स्पष्ट शिखर! तोच गंधार. तिसऱ्या जागी पंचम. मग हार्मोनियमवर तोच गंधार दाबला तर तो ५२३ दाखवतो. दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला चारेक वेळा आवाज हेलकावतो, डोळे मिटून मोजता येतो. हार्मोनियमचा गंधार तानपुऱ्याशी मिळत नाही हे गवई लोक किती काळ सांगत आलेत, ते इथे आकड्यात दिसतं.

गच्चीवरची शाळा
अगं हे काय सुंदर आहे. बीट्सचा टॉपिक अकरावीला आहेच, दोन फ्रीक्वेन्सींचा फरक म्हणजे सेकंदाला बीट्स. मी आत्तापर्यंत दोन फोनवर टोन जनरेटर (हवी ती फ्रीक्वेन्सी सतत वाजवणारं साधन) लावून ४४० आणि ४४३ असं ऐकवायचे. तानपुरा-पेटी कधी सुचलं नाही. तू रविवारी येशील का गं? मुलांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

काळी चार
येते ना. फक्त तानपुरा मिळवायला शांतता हवी, मुलांना जरा आधी सांगून ठेवा.

डग्गा-तबला
गाणारे बोलले तर आम्ही पण बोलतो. तबल्यावरची शाई उगाच नसते हो. साधं ताणलेलं कातडं, म्हणजे डफ वगैरे, वाजवलं तर त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे आडवेतिडवे येतात, म्हणून त्याचा सा सापडत नाही. शाईच्या वजनाने ते सरळ दुप्पट, तिप्पट, चौपट असे येऊन बसतात आणि तबला सुरात लागतो. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० मध्येच नेचर या मासिकात लिहिलंय. स्पेक्ट्रमवर डफ आणि दायाँ (उजव्या हाताचा तबला) एकापाठोपाठ वाजवा, रेघांमधलं अंतर बघा, डफाचं वाकडंतिकडं आणि दायाँचं जवळपास सारखं. रामन यांनी हे मोबाइलशिवाय कसं शोधलं याचा विचार करून मला अजून भारी वाटतं.

निवृत्त मास्तर
तानपुऱ्याच्या जवारीवर पण रामन यांचा १९२१ चा लेख आहे. नोबेलच्या आधीचं हे काम, शाळेत कुणी सांगत नाही.

अकरावीचा बाप
एक वेगळी गोष्ट विचारतो. आमच्या गल्लीत लग्नाचा डीजे रात्री उशिरापर्यंत असतो. डेसिबल दाखवणारं ॲप आहे, त्याने मोजून तक्रार करता येईल का?

मुरारकर
मला पण हेच विचारायचं होतं.

निवृत्त मास्तर
तक्रार जरूर करा पण फोनच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ते मोजायचं यंत्र प्रमाणित असावं लागतं. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, शेजारी दोन कंपन्यांचे फोन ठेवा, आकडे वेगळे येतील. याच कारणाने मी डेसिबलचे प्रयोग मुलांना द्यायच्या विरोधात आहे.

गच्चीवरची शाळा
इथे सर मी तुमच्याशी सहमत नाही. खरा आकडा नाही मिळत मान्य, पण एकाच फोनवर फरक तर मिळतो. मोकळ्या मैदानात लहानशा स्पीकरपासून एक मीटर, दोन मीटर, चार मीटर असं मागे गेलं की दर दुप्पट अंतराला ६ डेसिबल कमी व्हायला हवेत. मुलं मैदानात करतात तेव्हा सहाच्या जवळ येतं, खोलीत करतात तेव्हा येत नाही, कारण भिंती आवाज परत पाठवतात. खोलीत का नाही आलं यावर जी चर्चा होते ती मला फार मोलाची वाटते.

निवृत्त मास्तर
फरकापुरतं ठीक. आकडा वहीत लिहिताना पुढे "सापेक्ष" असं लिहायला लावा, नाहीतर तीच मुलं उद्या मोबाइल घेऊन पोलीस चौकीत जातील.

हजिरा ते कंपू
मी एका शाळेत शिकवते, नाव सांगत नाही. आमच्याकडे वर्गात मोबाइल आणायलाच बंदी आहे आणि ती मला पटते पण. एकाच फोनवर, शिक्षकाच्या, काय करता येईल?

गच्चीवरची शाळा
बरंच करता येतं. पाईपचा प्रयोग करा, सरांच्या रेझोनन्स ट्यूबचाच भाऊ आहे. आपल्या बाडा बाजाराजवळ कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात साधारण ४ सेंटीमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाईप मिळतो, ६० सेंटीमीटर कापून घ्या. खोल बादलीत नाहीतर पाण्याच्या ड्रममध्ये उभा धरायचा, फोनवर टोन जनरेटर ६०० हर्ट्झला लावायचा, फोन पाईपच्या तोंडाच्या बाजूला धरायचा, तोंड झाकायचं नाही, आणि पाईप हळूहळू वर उचलायचा. ३० डिग्रीला पाण्याच्या वर साधारण १३ सेंटीमीटर पाईप आला की आवाज एकदम भरतो. मग जवळपास ४२ ला परत. दोन्हींतला फरक २९, तो अर्धी वेव्हलेंग्थ (तरंगलांबी), दुप्पट करून ६०० ने गुणलं की वेग. पहिल्याच रीडिंगला चारने गुणलं तर उत्तर कमी येतं, कारण लाट पाईपच्या तोंडाच्या जरा बाहेरपर्यंत जाते, व्यासाच्या ०.३ पट. फरक घेतला की ती भानगड आपोआप जाते.

यात स्क्रीन बघायचीच नसते, सगळा वर्ग कानाने ठरवतो. ३०० च्या खाली फ्रीक्वेन्सी लावू नका, फोनचा छोटा स्पीकर तिथे नीट वाजत नाही.

निवृत्त मास्तर
फोर्क आपटून आपटून हात दुखायचे आणि आवाज विरत जायचा. सतत वाजणारा टोन हवा तेवढा वेळ मिळतो ही सोय मोठी आहे. उद्या माझ्या नातीबरोबर करून बघतो.

मुरारकर
डॉपलर (आवाज करणारी वस्तू जवळ येताना स्वर चढतो, लांब जाताना उतरतो) कुणी केलंय का? स्कूटरचा हॉर्न वाजवत जायचा विचार होता.

गच्चीवरची शाळा
रस्त्यावर नको रे बाबा. सायकल घे, मैदानात. कॅरिअरला फोन घट्ट बांध, १००० हर्ट्झचा टोन लाव, ताशी १८ किलोमीटरने म्हणजे सेकंदाला ५ मीटरने समोरून जाऊ दे. येताना १०१४-१०१५ आणि जाताना ९८६, अर्ध्या सेमिटोनचा (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराच्या निम्मा) फरक, काळी चारला तर हसतहसत कळेल. दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून उलट सायकलचा वेग काढायला लाव. बेइज-बलोत या डच शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये हॉलंडला रेल्वेवर तुतारीवाले बसवून हेच पडताळलं होतं, खाली कान तयार असलेले वादक उभे होते.

एक पण. काही फोन लांबलेला एकसारखा टोन नॉइज समजून स्वतःच दाबतात. टोन लावून ग्राफ बघा, सेकंदभरात आवाज आपोआप खाली बसला तर तो फोन ऐकायच्या कामाला घेऊ नका.

अकरावीचा बाप
आमच्या चिरंजीवांचा प्रश्न, मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे टाकतो. त्याने काचेच्या बाटलीत पाणी भरत भरत तोंडावर फुंकलं, पाणी वाढलं की स्वर चढतो. पण त्याच बाटलीला चमच्याने वाजवलं तर पाणी वाढलं की स्वर उतरतो! स्पेक्ट्रमवर पण तसंच दिसतं. पाणी तेच, बाटली तीच, मग उलटं का?

निवृत्त मास्तर
चिरंजीवांना शाबासकी द्या. फुंकल्यावर बाटलीतली हवा हलते, पाण्याने हवेची जागा कमी होते, उरलेली हवा ताठ होते आणि स्वर चढतो. चमच्याने काच हलते, तिला पाण्याचं वजन घेऊन हलावं लागतं म्हणून ती संथ होते, जलतरंगात भरलेलं भांडं खालचा स्वर देतं ते यामुळेच. आता त्याला पुढचं काम द्या. फुंकण्याची फ्रीक्वेन्सी हवेच्या घनफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे आत हवा चौथाई उरली की स्वर बरोबर दुप्पट, तार सा. रिकाम्या बाटलीत किती पाणी मावतं ते मोजून घ्यायला सांगा, तीन चतुर्थांश भरायला सांगा, आणि फुंकायच्या आधी अंदाज वहीत लिहायला लावा. बाटली अरुंद मानेची हवी, मानेतली जागा घनफळात धरू नका.